मधुमेहात नजर कशी जपायची: साखरेचा रिपोर्ट आणि डोळ्यांचा रिपोर्ट एकाच फायलीत

एकदा वडिलांच्या डाव्या डोळ्यात कचरा गेला. तो डोळा मिटून चोळत असताना त्यांनी उजव्या डोळ्याने समोर पाहिलं, तर दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसली. दोन्ही डोळे उघडले की चौकट पुन्हा सरळ. त्यांना मधुमेह होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, साखर बऱ्यापैकी आटोक्यात, पण डोळ्याच्या पडद्याची तपासणी चार वर्षांत झालेली नव्हती. कारण एकच: "मला नीट दिसतंय की."

उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. उपचारांनी नजर बरीचशी वाचली, तरी त्या एका डोळ्याने वाचताना मधली अक्षरं अजूनही पुसट होतात. त्या काळात मी त्यांचे जुने कागद काढून बसले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. एका फायलीत वर्षानुवर्षांची साखर होती, दुसऱ्या फायलीत चष्म्याचे नंबर होते, आणि या दोन फायलींची एकमेकींशी कधी गाठच पडली नव्हती. पुढचा सगळा लेख ही गाठ घालून देण्यासाठी आहे. औषधाचा डोस यातून ठरवू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरांसमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, हे मात्र यातून नक्की ठरवता येईल.

आधी आत काय चाललेलं असतं ते

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून पातळ अस्तरासारखा पडदा असतो. त्याला रेटिना किंवा दृष्टिपटल म्हणतात. या पडद्याला ऑक्सिजन खूप लागतो आणि तो पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या केसाहूनही बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंत कमकुवत होते, तिला बारीक फुगे येतात, त्यातून पाणी, चरबी आणि रक्त पाझरतं. पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक कामं त्याच्या जोरावर होतात. पाझर तिथे साचला की मॅक्युलाला सूज येते. मधुमेही माणसांची नजर कमी होण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

दुसरा धोका उशिरा येतो. काही वाहिन्या बुजतात, पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो आणि मदतीसाठी रासायनिक हाका मारू लागतो. त्यातली मुख्य हाक म्हणजे व्हीईजीएफ हे प्रथिन. त्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटतात. डोळ्यातल्या जेलीत रक्त उतरतं, पुढे जाळं आवळत जाऊन पडदा ओढून सुटवतं.

आणि यातलं जवळजवळ काहीच दुखत नाही. नव्या वाहिन्या उगवलेल्या असतानाही माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. म्हणून 'दिसतंय' या एका शब्दावर विसंबायचं नाही.

पायरी १: एक पान तयार करा

मोबाइलमध्ये नको, कागदावर. मधुमेह कोणता आणि कोणत्या साली कळला, गेल्या दोन वर्षांतली एचबीए१सी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तारखांसह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, चालू औषधं. त्याखाली डोळ्यांसाठी रकाना: बाहुली मोठी करून तपासणी शेवटची कधी झाली, उजव्या डोळ्यात काय निघालं, डाव्यात काय निघालं, पुढची तारीख कोणती.

लघवीतलं अल्ब्युमिन मुद्दाम घातलं आहे. मूत्रपिंडातल्या आणि पडद्यातल्या बारीक वाहिन्या एकाच कारणाने बिघडतात, त्यामुळे एकीकडे बिघाड दिसला की दुसरीकडे बघायलाच हवं. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाताना हे पान न्यायचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना हेच पान न्यायचं.

पायरी २: पडद्याची तपासणी करून घ्या

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्या झाल्या. थांबायचं नाही, कारण हा मधुमेह कळण्याआधी कित्येक वर्षं गुपचूप चालू असू शकतो आणि काही जणांच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी खुणा सापडतात. टाइप १ असेल तर निदानापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. त्यानंतर साधारणपणे दरवर्षी. पडदा स्वच्छ असेल आणि साखर चांगली असेल तर डॉक्टर हे अंतर दोन वर्षांपर्यंत वाढवू शकतात. ते त्यांना ठरवू द्या.

चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. हा गोंधळ मी इतक्या घरांत पाहिला आहे की दोनदा लिहावंसं वाटतं: नंबर काढून आलात म्हणजे पडदा तपासून झाला असं होत नाही. खऱ्या तपासणीत डोळ्यात थेंब टाकतात, वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते आणि मग डॉक्टर भिंग आणि प्रकाश वापरून आतला पडदा काठापर्यंत पाहतात. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी घ्या, गडद चष्मा ठेवा.

काही ठिकाणी थेंब न टाकता कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. चाळणी म्हणून ही पद्धत चांगली आहे. फोटो पाहून मशीनने स्वतःच निकाल द्यावा अशा पहिल्या प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली परवानगी दिली, आणि तेव्हापासून ही सोय पसरत चालली आहे. पण फोटोत काही सापडलं किंवा फोटो नीट आलाच नाही तर पूर्ण तपासणीला पर्याय नाही. मॅक्युलाच्या सुजेची शंका असेल तर ओसीटी नावाचं स्कॅन करतात. त्यात पडद्याचे थर कापलेल्या फळाच्या फोडीसारखे आडवे दिसतात आणि जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. स्पर्श नाही, वेदना नाही, काही सेकंदांचं काम.

पायरी ३: रिपोर्टमधले शब्द समजून घ्या

'नो डीआर' म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने झालेला पडद्याचा बिघाड, नाही. एनपीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या अजून न उगवलेली रेटिनोपॅथी. 'माइल्ड एनपीडीआर' म्हणजे वाहिन्यांवर फक्त बारीक फुगे; तपासणी सहा ते बारा महिन्यांनी. 'मॉडरेट' म्हणजे त्यापुढे रक्ताचे ठिपके, चरबीचे पिवळे कण वगैरे. तीन ते सहा महिन्यांनी. 'सिव्हिअर एनपीडीआर' हा शब्द वाचला की सावध व्हा. नजर उत्तम असली तरी, उपचार न झाल्यास यातल्या जवळपास निम्म्या डोळ्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या उगवू शकतात. इथे तीन महिन्यांहून अधिक अंतर चालत नाही. 'पीडीआर' म्हणजे नव्या वाहिन्या उगवल्या आहेत आणि उपचार लागणार.

'डीएमई' म्हणजे मॅक्युलाची सूज. ती यांपैकी कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. वडिलांच्या रिपोर्टवर 'मॉडरेट एनपीडीआर विथ डीएमई' असं होतं आणि आम्ही 'मॉडरेट' वाचून हुश्श केलं होतं. खरी गोष्ट पुढच्या तीन अक्षरांत होती.

दोन्ही डोळ्यांचे टप्पे वेगळे असू शकतात. ते वेगवेगळे लिहून घ्या.

पायरी ४: एचबीए१सी कसा वाचायचा

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला चिकटली, ते म्हणजे एचबीए१सी. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ६ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. (तुमच्याकडे साखर मिलिमोलमध्ये मोजत असतील तर यातल्या प्रत्येक आकड्याला १८ ने भागा.)

बऱ्याच प्रौढांसाठी लक्ष्य ७ टक्क्यांच्या खाली असतं. त्यासाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या खाली अशी साखर धरतात. वय खूप असेल, हृदयविकार असेल, साखर एकदम खाली जाण्याचा इतिहास असेल तर ८ पर्यंत चालवून घेणं शहाणपणाचं ठरतं.

एक इशारा. रक्तक्षय, मूत्रपिंडाचा जुना आजार, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष, नुकतंच घेतलेलं रक्त यांमुळे हा आकडा खोटा येऊ शकतो. घरच्या मशीनवर २०० च्या आसपास दिसतंय आणि एचबीए१सी मात्र छान ६.५, असं झालं तर आनंद मानण्याआधी डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा.

इतका खटाटोप करून हाती काय लागतं? १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. एका गटाचा एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवला, दुसऱ्याचा ९ च्या आसपास राहिला. ज्यांचा पडदा आधी स्वच्छ होता त्यांच्यात रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना आधीच सुरुवात झाली होती त्यांच्यात ती वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी. टाइप २ मधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. तिथे दोन गटांत फरक जेमतेम ०.९ टक्के होता, ७.० विरुद्ध ७.९, तरी बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू सारखीच झाली, सुमारे ८ टक्क्यांवर. तरी ज्यांनी आधी साडेसहा वर्षं साखर चांगली ठेवली होती त्यांचे डोळे त्यानंतर दहा वर्षांहूनही अधिक काळ दुसऱ्या गटापेक्षा चांगले राहिले. शरीर जुनी साखर लक्षात ठेवतं, चांगलीही आणि वाईटही. म्हणून नव्याने मधुमेह झालेल्या माणसाने "सध्या काही त्रास नाही, पुढे बघू" म्हणणं फार महागात पडतं. आणि म्हणूनच, गेली पाच वर्षं साखर वाईट होती आणि या वर्षी उत्तम झाली, तरी डोळ्यांची तपासणी सोडायची नाही.

पायरी ५: साखर उतरवण्याआधी पडदा बघून घ्या

ही पायरी फार थोड्या लोकांना माहीत असते, आणि दोन फायली वेगळ्या असण्याचा खरा तोटा इथेच होतो.

बराच काळ खूप चढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. डीसीसीटीतही हे दिसलं: पहिल्या वर्षात कडक उपचारांच्या गटातल्या सुमारे १३ टक्के जणांची रेटिनोपॅथी वाढली, नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे ८ टक्क्यांची. २०१६ साली सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत रेटिनोपॅथीची गुंतागुंत ३.० टक्के जणांत झाली, औषध न दिलेल्या गटात १.८ टक्के जणांत. आणि बहुतेक त्रास आधीपासून रेटिनोपॅथी असलेल्यांना झाला. नव्याने इन्शुलिन सुरू करताना, इन्शुलिन पंप लावताना, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होताना, अशा साखर वेगाने उतरणाऱ्या प्रत्येक प्रसंगी हा मुद्दा लागू पडतो.

यावरून "मग साखर उतरवायलाच नको" असा अर्थ काढू नका. डीसीसीटीतल्या त्याच माणसांना पुढे त्याच कडक उपचारांचा फायदा झाला. अर्थ एवढाच, की एचबीए१सी १० च्या वर वगैरे असेल आणि औषधांत मोठा बदल होणार असेल, तर त्याआधी किंवा लगेच पडदा तपासून घ्यायचा. सिव्हिअर किंवा पीडीआर निघालं तर डोळ्याचा उपचार आधी किंवा बरोबरीने सुरू करायचा. आणि पहिलं वर्षभर तपासण्या जवळजवळ ठेवायच्या, किती जवळ ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील. मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सोपा आहे: "हे औषध सुरू करण्याआधी माझा पडदा दाखवून येऊ का?"

औषधांचंच निघालं आहे तर आणखी एक. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीने शरीरात पाणी साचतं आणि काही जणांत मॅक्युलाची सूज वाढू शकते. डीएमई असेल तर ती गोळी चालू आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना माहीत हवं. मनाने बंद करू नका.

पायरी ६: रोजचा दिवस

जेवणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून डोळ्यांच्या अंगाने तेवढंच. ताटातला पिष्टमय भाग किती, हे जेवणानंतरच्या साखरेचं सर्वांत मोठं उत्तर असतं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ नंतर, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची उसळी कमी होते. गोड पेयं बंद. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. स्नायू चालताना साखर ओढून घेतात. आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम व्यायाम.

व्यायामाला मात्र एक अट आहे आणि ती पुन्हा डोळ्यांच्या रिपोर्टमधूनच येते. सिव्हिअर एनपीडीआर किंवा उपचार न झालेलं पीडीआर असेल तर श्वास रोखून जड वजन उचलणं, डोकं खाली पाय वर अशा स्थिती, धसके बसणारे खेळ टाळा. नाजूक वाहिन्या फुटून आत रक्त उतरण्याची भीती असते. चालणं बहुतेकांना चालतं. पुन्हा केव्हा सुरू करायचं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. साखर एकदम उतरल्यावरही डोळ्यांसमोर धूसर होतं, आणि अशा वेळी कित्येक जण चष्मा पुसत बसतात. आधी बोट टोचा.

पायरी ७: रक्तदाब आणि बाकीचे

कमकुवत झालेल्या भिंतींवर आतून दाब वाढला की पाझर वाढतो, इतकं हे सरळ आहे. यूकेपीडीएसमध्ये सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवला, म्हणजे वरचा आकडा फक्त दहाने कमी, तर रेटिनोपॅथी वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि नजर खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी घटला. आज बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य धरतात. साखरेचं मशीन घरात असतं, रक्तदाबाचं नसतं. माझ्या मते दोन्ही हवीत.

ट्रायग्लिसराइड्स कमी करणाऱ्या फेनोफायब्रेटने पडद्याचा बिघाड मंदावल्याचं दिसलं आहे: एका अभ्यासात चार वर्षांत स्टॅटिनबरोबर (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) ते घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्के जणांची रेटिनोपॅथी वाढली, नुसतं स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १०.२ टक्के. सगळ्यांना चालत नाही, मूत्रपिंड तपासावं लागतं, पण विचारून ठेवा. रक्तक्षय आणि झोपेत श्वास अडखळणं, हेही पडद्याला बाधतं. तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको.

बुबुळाचे व्यायाम, नजर वाढवणारे थेंब, जीवनसत्त्वांच्या महागड्या बाटल्या यांनी रेटिनोपॅथी मागे हटत नाही. तो वेळ तपासणीला द्या.

पायरी ८: धूसर दिसलं की लगेच चष्मा बनवू नका

साखर चढली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पाणी शोषून फुगतं आणि नंबर बदलतो. साखर उतरली की पुन्हा बदलतो. नव्याने इन्शुलिन सुरू झालेल्या माणसाला काही आठवडे वाचायला त्रास होतो तो बहुधा यामुळेच. साखर चार-सहा आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. पण धूसरपणा एकाच डोळ्यात असेल, सरळ रेषा वाकड्या दिसत असतील, मधोमध डाग असेल, तर वाट बघायची नाही. तो भिंगाचा खेळ नसून पडद्याचा असू शकतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा घालून, एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने चौकटीचा कागद किंवा फरशीच्या रेषा पाहा. मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असतात तेव्हा चांगला डोळा वाईटाला झाकून नेतो. आमच्या घरी हा शोध कचऱ्याने लावला. तुम्ही मुद्दाम लावा.

मोतीबिंदू मधुमेहात लवकर येतो. शस्त्रक्रिया ठरली तर आधी मॅक्युला तपासून घ्या; सूज असेल तर ती शस्त्रक्रियेनंतर वाढू शकते, म्हणून शक्यतो आधी तिचा उपचार करतात.

गरोदरपणाचं वेगळं आहे. आधीपासून मधुमेह असेल तर गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडदा पाहायलाच हवा, आणि नंतरही डॉक्टर सांगतील तसा, कारण या काळात रेटिनोपॅथी वेगाने वाढू शकते. गरोदरपणातच पहिल्यांदा झालेल्या मधुमेहात सहसा याची गरज नसते.

पायरी ९: उपचार सांगितले तर

मॅक्युलाच्या सुजेवर मुख्य उपचार म्हणजे डोळ्यात दिलेली व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं: बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब. 'डोळ्यात इंजेक्शन' हे शब्द ऐकून वडील दोन रात्री झोपले नव्हते. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने धुतात आणि सुई काही क्षणांची असते. दिवसभर खुपल्यासारखं वाटतं, कधी पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, तो आपोआप जातो. सुरुवातीला दर महिन्याला काही इंजेक्शनं लागतात, मग अंतर वाढत जातं. एकाने काम होईल अशी आशा धरून जाऊ नका, पहिल्याच दिवशी साधारण किती लागतील ते विचारा.

नव्या वाहिन्यांवर लेझर करतात, दोन-तीन बैठकांत, पडद्याच्या काठाकडच्या भागावर. उपाशी भागाची ऑक्सिजनची मागणीच कमी केली की हाक थांबते. १९७० च्या दशकात झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात या लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. मोबदल्यात बाजूची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते. लेझरने नजर वाढेल ही अपेक्षा नको, असलेली टिकवण्यासाठी तो असतो. पीडीआरवर इंजेक्शनंही देतात, पण तुम्हाला दर वेळी तारीख पाळणं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसत्या इंजेक्शनांवर असताना मध्येच खंड पडला तर डोळा फार वेगाने बिघडू शकतो, आणि अशा वेळी लेझर जास्त भरवशाचा. आत रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला गेला तर व्हिट्रेक्टॉमी ही डोळ्यातली जेली काढण्याची शस्त्रक्रिया.

हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने ती बंद करू नका. याचा मुद्दाम अभ्यास झाला आहे आणि तिने असा धोका वाढलेला दिसला नाही.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे ते प्रसंग

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, कोळिष्टकं किंवा धुराचे लोट, विजेसारखे लखलखाट, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, एकदम गेलेली नजर, डोळा लाल होऊन ठणकणं आणि दिव्याभोवती कडी दिसणं, इंजेक्शननंतरच्या दिवसांत वाढत जाणारी वेदना, लाली किंवा धूसरपणा. अचानक एकाच्या जागी दोन दिसू लागले तरीही लगेच जा. मधुमेहात डोळा हलवणारी नस दुखावली गेल्यानेही तसं होतं आणि ती बहुधा काही महिन्यांत सुधारते, पण मेंदूचं काही नाही ना, हे आधी पाहावं लागतं. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. आत रक्त उतरल्यासारखं वाटत असेल तर पोचेपर्यंत आडवं पडू नका, डोकं उंच ठेवा.

नजर आधीच कमी झाली असेल तर

कमी दृष्टी असलेल्यांसाठी वेगळी तपासणी असते; तिथे भिंगं, ठळक अक्षरांची साधनं, योग्य उजेड कसा ठेवायचा हे शिकवतात. आकडा बोलून सांगणारी साखरेची मशीन मिळतात. गोळ्यांचे डबे सकाळ-संध्याकाळप्रमाणे भरून, झाकणावर उठावदार खूण करून ठेवा. इन्शुलिनच्या पेनचा डोस नुसत्या टकटक आवाजावरून मोजू नका, घरातल्या कुणीतरी आकडा पाहायलाच हवा. दोन प्रकारची इन्शुलिन असतील तर एकाच्या पेनाला रबरबँड गुंडाळून ठेवा, म्हणजे हाताला फरक कळतो. आमच्याकडे तो रात्रीच्या पेनाला आहे, आणि कोणत्या पेनाला आहे हे त्या एका पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.